मर आणि मसाजीच्या मेंढ्या

साखरा, ता. सेनगाव
२६ नोव्हेंबर २०२४

चि. सपनास,
बाबांचा आणि आईचा जय भीम, आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आमी दोघं बरे आहोत. तू फोन करतेस तेव्हा मी आईच्या शेजारी बसून तिच्या तोंडाकडं बघत राहतो. ती हसून राहिली का रडून राहिली, तेवढंच समजतं. कान आता पुरते गेले. म्हणून म्हणतो, कंटाळा न करता कागदावर लिहीत जा. जन्मभर गावाची टपालं वाटली, आता आपल्या नावाचं टपाल दारात आलं की बरं वाटतं. जालन्याच्या खानावळीतल्या भाजीला नावं ठेवू नको. तुझ्या आईच्या हाताला चव आली ती लग्नानंतर, तेबी माझ्या बोलण्यानं. (हे तिला फोनवर सांगू नको.)

आता मुद्द्याचं. नाल्याकाठच्या तुकड्यात हरभरा पेरला, उगवण झकास झाली. पण चार-पाच दिवसांपासून मधली झाडं मान टाकून राहिली. पानं हिरवीच, अळी न्हाई, कुरतडलेलं न्हाई. सकाळी उभं असतं ते दुपारून लवतं आणि मग उठत न्हाई. मेंढ्या चारता चारता मसाजी बांधावरून हात हलवून हलवून मला सांगत होता की भाऊ, ताण पडला, पाणी द्या. मी स्प्रिंकलर लावला. दुसऱ्या दिवशी आणखी झाडं पडली. शेजारच्या नीलाबाईच्या वावरातबी तसंच दोन ठिकाणी दिसलं.

तू झाडांच्याच दुखण्याचं शिकलीस म्हणून विचारतो. मला ह्या झाडांची भीती वाटून राहिली. मेलेलं झाड वाळलेलं असावं, हे हिरवं राहून मरतं.

उत्तर लवकर धाड.
तुझा,
पुंजाजी

*

जालना
३ डिसेंबर २०२४

ती. बाबांस आणि आईस,
सपनाचा सविनय जय भीम. वि. वि.

बाबा, तुमचं पत्र काल दुपारी मिळालं आणि मी हातातलं काम तसंच ठेवून ते तीनदा वाचलं. पाणी बंद करा. लवलेलं एक झाड मुळासकट उपटा, माती झटका आणि मुळाच्या वरचा भाग ब्लेडनं उभा चिरा. आत मधोमध काळपट तपकिरी रेघ दिसली तर तो मर रोग आहे. ही फ्युजेरियम नावाची बुरशी असते. ती मुळातून आत शिरते आणि झाडाच्या पाणी चढायच्या नळ्याच बुजवून टाकते. वरून तुम्ही कितीही पाणी द्या, झाड तहानेनंच मरतं.

खोटा धीर देत नाही. लागलेल्या झाडाला औषध नाही. मेलेली झाडं बांधावर टाकू नका, जाळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या तुकड्यातली माती दुसरीकडे जाऊ देऊ नका. ही बुरशी हरभरा नसला तरी पाच-सहा वर्षं मातीत दबा धरून राहते. नांगराच्या फाळाला, चपलेला, जनावरांच्या खुरांना चिकटून ती पुढच्या वावरात जाते. आमच्या संशोधन केंद्रात एक शेत मुद्दाम रोगट ठेवलंय, त्यात नवीन वाणं लावून कोणतं टिकतं ते बघतात. तिथून बाहेर पडताना आम्ही पाय धुऊन, चपला बदलून निघतो. मला सवय झाली असं वाटत होतं. पण तुमचं पत्र वाचल्यापासून मी पाय दोनदा धुते.

गेल्या उन्हाळ्यात त्या तुकड्यात कुणाची जनावरं बसली होती का? नांगरट कोणी केली? आठवून कळवा.

आईला सांगा, खानावळवाल्या काकूंनी मला मेथीची भाजी शिकवली. आता तिची गरज उरली नाही.

माया आहे तशी असू द्या.
तुमची,
सपना

*

साखरा
११ डिसेंबर २०२४

चि. सपनास,
जय भीम आणि आशीर्वाद.

झाड चिरलं. रेघ आहे. दहा झाडं चिरली, दहाहीत आहे. तुझी आई म्हणाली आता बस करा, तेव्हा ब्लेड खाली ठेवलं.

तू विचारलंस ते लिहितो, पण हे कुणाला वाचून दाखवू नको. वैशाखात माझ्या त्या तुकड्यात मसाजीच्या मेंढ्या बसल्या होत्या. खतासाठी दर साली बसतात, तुला ठाऊक आहे. माझ्या वावरातून तो कळप नीलाबाईच्या वावरात गेला, तिथून ओढ्यापलीकडं. मी काल फिरून आलो. जिथं जिथं कळप बसला तिथं तिथं झाडं पडून राहिली. नांगरट सगळ्या शिवाराची नेमसिंगच्या ट्रॅक्टरनं झाली, ते तर नेहमीचंच.

हे मी मसाजीला सांगितलं न्हाई. कसं सांगू? कान गेल्यापासून सेनगावच्या बाजाराला तो माझ्या उजव्या अंगानं चालतो. मागून गाडी आली की दंडाला धरून बाजूला घेतो. मला कधी बहिरा म्हणाला न्हाई, भाऊचं लक्ष नसतं म्हणतो. त्याची सिंधूबाई न् तुझी आई हळदीच्या दिवसांत एका ताटात जेवतात. त्या दोघांचं पोट म्हणजे तो कळप. खुरात रोग आहे असं एकदा गावात पसरलं की कोण त्याला वावरात उभं करील?

म्हणून पोरी, एक मागणं आहे. तू शिकलेली आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे. मेंढ्यांनी हा रोग येत न्हाई, असं एका कागदावर लिहून धाड. मी जपून ठेवतो. वेळ आली तर दाखवीन.

मला झोप येईना झाली.
तुझा,
बाबा

*

जालना
१८ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
सविनय जय भीम.

बाबा, तसा कागद मी देऊ शकत नाही. रागावू नका. मेंढ्यांनी रोग येत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण मेंढ्यांनीच आणला असं कुणी म्हणालं तर तेही तितकंच खोटं. बियाण्यातून येतो, ट्रॅक्टरच्या फाळाला चिकटलेल्या चिखलातून येतो, पाटाच्या पाण्यातून वाहत येतो. कळप बसला तिथं झाडं पडली असं तुम्ही म्हणता, पण कळप बसला नाही तिथं पाहिलंत का? भीती माणसाला एकाच बाजूला बघायला लावते.

मसाजीकाकांना तुम्ही स्वतः सांगा. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत सांगा. तुमच्या तोंडून आलं तर ते नुसती गोष्ट म्हणून ऐकतील. चार लोकांसमोर आलं तर तो आरोप होईल.

आणखी एक, हे मी इथं कुणाशी बोलले नाही. आमच्या रोगट शेतात एक वाण आहे, इतकी वर्षं ते ताठ उभं राहायचं. त्याच्या भरवशावर आम्ही होतो. या आठवड्यात त्याच्या एका कोपऱ्यातली झाडं लवली. बुरशी बदलते, बाबा. आपण टिकणारं वाण शोधतो, ती त्यातून वाट शोधते. त्याच्या शेजारचं दुसरं एक वाण मात्र अजून उभं आहे. रोज सकाळी चहा न घेता आधी ते बघून येते.

आईनं फोनवर सांगितलं की तुम्ही जेवत नाही. असं करू नका.
तुमची,
सपना

*

साखरा
१९ डिसेंबर २०२४

चि. सपनास,
आशीर्वाद.

तुझं उत्तर अजून आलं न्हाई, पण थांबवेना म्हणून लिहितो. वाईट झालं.

परवा बियाण्याच्या दुकानाची गाडी गावात आली. तिच्यासोबतच्या माणसानं पारावर लोक जमवून मर रोगाचं सांगितलं. माती कशी पसरते, जनावरांच्या खुरातून कशी जाते, सगळं सांगितलं. मी एका कडेला बसलो होतो. ओठ हलताना दिसत होते, बाकी काई न्हाई. लोक उठून बोलायला लागले. नीलाबाईचा पुतण्या माझ्याकडं वळून काईतरी विचारत होता. सगळे माझ्याकडं बघून राहिले होते. तुला माझी सवय माहीत आहे. ऐकू आलं न्हाई की मी मान हलवतो, समोरच्याला पुन्हा बोलायची तकलीफ नको म्हणून. मी मान हलवली.

घरी आल्यावर तुझ्या आईनं मला समोर बसवून हळूहळू सांगितलं. त्यानं विचारलं होतं की पुंजाजीभाऊ, तुमच्या वावरातून निघून मसाजीच्या मेंढ्या आमच्यात आल्या आणि रोगबी तसाच आला, खरं का खोटं? आणि मी व्हय म्हणालो होतो. मसाजी तिथंच उभा होता म्हणे, माझ्या मागं.

काल सकाळी शिवेवर पोरांनी कळप अडवला. दगड मारले. एका गाभण मेंढीचा पाय मोडला. मी धावत गेलो तोवर कुणीच नव्हतं. मसाजीच्या झोपडीला कडी घातलेली, चूल थंड. सिंधूबाईनं तुझ्या आईची वाटी ओट्यावर पालथी घालून ठेवली होती. कुठं गेले कुणालाच सांगितलं न्हाई.

तुझी आई माझ्याशी बोलते, पण माझ्याकडं न बघता बोलते. तसं बोललेलं मला कळत न्हाई.

बाबा

*

जालना
२७ डिसेंबर २०२४

ती. बाबांस आणि आईस,
सविनय जय भीम.

पत्र मिळालं. बाबा, आधी हे ऐका. तुम्ही मान हलवली ती ऐकू आलं नाही म्हणून. दगड तुम्ही मारला नाही. मी हे वरचेवर सांगेन, तुम्हाला पटेपर्यंत.

पण आता त्यांना शोधायलाच हवं, आणि एकाच कारणासाठी नाही. उघड लिहिते. मेंढ्यांच्या खुरात ती माती असेल, तर काका आता नवीन गावाच्या शिवारात तिला घेऊन फिरत असतील. आणि नसेल, तर एक निर्दोष माणूस थंडीत रानोमाळ भटकतोय. दोन्हीतलं कोणतं खरं, मला माहीत नाही. दोन्हीची भीती वाटते. रात्री डोळे मिटले की कधी काका दिसतात, कधी लवलेली झाडं.

मी रजा टाकली आहे. पौर्णिमेनंतर येते. कळप बसला ती वावरं, जिथं फक्त ट्रॅक्टर गेला ती वावरं, आणि दोन्ही गेले नाहीत अशी जागा सापडली तर तीही, सगळीकडची माती मी उचलणार आहे. पिशव्या आणते. गावात आधी कुणाला सांगू नका, नाहीतर नवीन कुणावर तरी बोट ठेवायला लोक टपलेलेच असतील.

आई, तू बाबांकडे बघून बोल. माझ्यासाठी बोल.
तुमची,
सपना

*

साखरा
२८ जानेवारी २०२५

चि. सपनास,
जय भीम, आशीर्वाद.

तू माती घेऊन गेलीस त्यानंतर चार दिवसांनी कळमनुरीच्या बाजारातून बातमी आली की सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला एक धनगर जोडपं उतरलंय. मी न् तुझी आई जीपनं औंढ्याला आणि तिथून पुढं गेलो.

सापडले. पण कुठं, तर धरणाच्या वरच्या खडकाळ माळावर. तिथं गवताची काडी न्हाई. खाली हिरवी वावरं, मालक बोलवून राहिले की मेंढ्या बसवा, आणि हा जात न्हाई. मेंढ्यांच्या बरगड्या निघाल्या. सिंधूबाईनं तुझ्या आईला सांगितलं की हा रोज संध्याकाळी एकेक मेंढी पाण्यात नेऊन खुरं घासून धुतो. सगळा कळप. थंडीनं दोन कोकरं गेली तरी थांबला न्हाई. त्याच्या हाताला भेगा पडल्या, रक्त येतं. म्हणतो, माझ्या अंगात काय आहे मला ठाऊक न्हाई, मी कुणाच्या वावरात पाय देणार न्हाई.

मी त्याच्यासमोर बसलो. मला ऐकू आलं नव्हतं, हे मी त्याला सांगितलं. तो खाली बघून बोलला, मला ओठ दिसले न्हाईत. तुझ्या आईनं नंतर सांगितलं. तो म्हणाला होता की भाऊ, तुमाला ऐकू आलं असतं तरी तुमी खोटं कुठं बोलला असता? मेंढ्या तर बसल्याच होत्या.



परत येत न्हाई म्हणाला. आईनं भाकरी दिल्या त्या घेतल्या.

मातीत काय निघालं ते लवकर कळव. खरं सांगतो, पोस्टमन दिसला की मी उठून दारात जातो.
बाबा

*

जालना
६ मार्च २०२५

ती. बाबांस आणि आईस,
सविनय जय भीम.

निकाल आला. बसून वाचा.

कळप बसलेल्या वावरांत बुरशी आहे. कळप कधीच गेला नाही त्या टेकाडाखालच्या वावरांतही आहे, जवळपास तेवढीच. तिथं फक्त नांगरट झाली होती. मंदिरामागच्या पडीक जागेत, जिथं ना मेंढी गेली ना ट्रॅक्टर, तिथं काही सापडलं नाही. याचा अर्थ एवढाच की ती मातीबरोबर गेली, ज्याला माती लागली त्याच्याबरोबर गेली. ट्रॅक्टर जास्त फिरला, म्हणून जास्त शक्यता त्याची. मेंढ्यांनी अजिबात नेली नाही असं मी आजही म्हणणार नाही. आणि पहिल्यांदा कुठून आली, हे तर कुणालाच कधी कळणार नाही.

आता मला भीती वाटते ती नेमसिंगकाकांची. हा कागद वाचल्यावर पोरं उद्या त्यांच्या ट्रॅक्टरची काच फोडतील. म्हणून बाबा, ग्रामसभेत हे तुम्हीच वाचा. वाचताना कुणाचं नाव घेऊ नका. काय करायचं तेवढं सांगा. रोगट वावर सगळ्यात शेवटी नांगरायचं, फाळ तिथंच पाण्यानं धुवायचे. मेंढ्या आधी चांगल्या वावरात बसवायच्या, रोगट वावरात शेवटी, आणि तिथून त्या खडकावर न्यायच्या. घरचं बियाणं पेरायचं नाही. पेरण्याआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळायचा, ती आपल्या बाजूनं लढणारी बुरशी आहे.

आणि ज्या दुसऱ्या वाणाबद्दल लिहिलं होतं ते अजून उभं आहे, घाटे धरलेत. साहेबांनी गावातल्या एका वावरात चाचणी घ्यायला मंजुरी दिली. बियाणं थोडं आहे. आपल्या घरामागच्या चांगल्या तुकड्यात लावू या, म्हणजे वाढवता येईल.

प्रेम आहे त्यापेक्षा थोडं जास्त करा.
तुमची,
सपना

*

साखरा
२० मार्च २०२५

चि. सपनास,
आशीर्वाद.

ग्रामसभेत वाचलं. कागदाची दुसरी बाजू तुझ्या आईनं धरली होती. या वेळी मी आधीच सांगितलं, ज्याला विचारायचं त्यानं माझ्यासमोर येऊन हळू बोलावं, कळलं न्हाई तर मी न्हाई म्हणेन.

नाव घेतलं न्हाई तरी ट्रॅक्टर एकच आहे. सगळी तोंडं नेमसिंगकडं वळली. त्याचा चेहरा उतरला. तो उठला न् म्हणाला (हे सगळं तुझ्या आईनं मला नंतर समजावलं) की मारायचं असेल तर मला मारा, ट्रॅक्टरला हात लावू नका, लेकरांचं पोट आहे. त्यावर कोण बोललं असेल? नीलाबाई. ती पुतण्याला म्हणाली की एका माणसाला हाकलून तुझं पोट भरलं न्हाई का? माझा हरभरा त्या दगडांनी उभा राहिला का? पोरगं मान खाली घालून बसलं.

सभा संपल्यावर नेमसिंग आमच्या घरी आला. म्हणाला, धरणावर मी जातो, मसाजीला मी आणतो. मी म्हणालो, जा. त्यानं यावं का न यावं ते त्याला ठरवू दे.

वाणाचं म्हणशील तर चांगल्या तुकड्यात लावणार न्हाई. नाल्याकाठीच लावीन, जिथं सगळं मेलं तिथं. चांगल्या मातीत काई बी उभं राहतं. मग त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? गाव पुन्हा फसलं तर या खेपेला बोट तुझ्याकडं वळेल, ते मला सोसणार न्हाई.

रागव, पण लावीन तिथंच.
बाबा

*

साखरा
१४ जानेवारी २०२६

चि. सपनास,
जय भीम, आणि दोघांचे आशीर्वाद. वि. वि.

तू नोव्हेंबरात येऊन पेरणी करून गेलीस तेव्हापासून मी रोज उजाडता उजाडता नाल्याकाठी जातो. बांधावर थांबतो. आधी आभाळाकडं बघतो, मग झाडांकडं. तू शेजारी आपल्या जुन्या बियाण्याच्या ज्या ओळी लावल्यास त्या डिसेंबरातच गेल्या, एकबी राहिलं न्हाई. तुझं वाण उभं आहे. सगळं न्हाई, खोटं कशाला सांगू. मधे कुठं कुठं लवलं. ते उपटून जाळलं, राख तिथंच पुरली. बाकीच्यांना फुलं येऊन घाटे धरले. पण तुझ्या त्या जुन्या वाणाचं तू लिहिलं होतंस ते डोक्यातून जात न्हाई. यंदा उभं आहे. पुढल्या साली?

मसाजी आलाय. दिवाळीनंतर आला. नेमसिंग दोनदा गेला तेव्हा आला न्हाई, सिंधूबाईला ताप चढला तेव्हा आला. कळप निम्मा राहिला. लोक बोलवतात, नीलाबाई स्वतः घरी जाऊन आली, तरी तो मेंढ्या खडकावरच ठेवतो.

काल त्याला न् सिंधूबाईला मी वावरात घेऊन गेलो. बांधावर चपला काढून उभा राहिला, पुढं येईना. तुझ्या आईनं हाताला धरून आत आणलं. मी त्याला झाडं दाखवली. त्यानं एका झाडाला हात लावला आणि लगेच मागं घेतला. मग आमी नाल्याच्या कडेला काटक्या पेटवून लवलेल्यांच्या शेजारची चार झाडं भाजली. तू म्हणाली होतीस बियाण्यासाठी जपा, पण चारच घेतली, माफ कर. चौघं गरम गरम घाटे सोलून खात बसलो. सिंधूबाई काईतरी सांगून राहिली होती, तुझी आई तोंडाला पदर लावून हसत होती.

खाऊन झाल्यावर मसाजी उठला न्हाई. आमी चौघांनी जिथं जिथं टरफलं टाकली होती तिथून एकेक वेचायला लागला. वेचून विस्तवात टाकली. धोतराला चिकटलेली झटकून तीबी टाकली. मग विस्तव पुरता विझेपर्यंत तिथंच बसून राहिला, सिंधूबाई चला म्हणाली तरी. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीबी त्याच्यासोबत बसलो.

बियाणं काढणीला तू ये. एकटीनं ये म्हणत न्हाई, तुझ्या साहेबांनाबी आण, त्यांनी डोळ्यांनी बघावं. आणि उत्तर लिहिताना मसाजीकाकांना म्हणून वेगळा कागद घाल, मी वाचून दाखवीन.

आमचा जीव तुझ्यात आहे, तुझा आमच्यात राहू दे.
तुझा,
पुंजाजी